डोंगरमाथ्याचा ठराव

नाहूरच्या शुभदा सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या टिपणिसांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो. दिसतो म्हणजे, गेल्या वर्षापर्यंत अख्खा दिसायचा. डोंगर म्हणून त्याची काही विशेष कर्तबगारी नाही. त्याच्यावर किल्ला नाही, लेणी नाहीत, देऊळ नाही, नवसाला पावणारा एखादा दगडसुद्धा नाही. पलीकडच्या नामांकित डोंगरांवर दर रविवारी पाठीवर सॅक अडकवलेल्या तरुणांची जत्रा भरते. याच्याकडे कुत्रंही फिरकत नाही. पण वसुधा टिपणीस या घरात राहायला आल्या दिवसापासून सकाळचा पहिला चहा त्याच्याकडे बघत घेत आली होती. उन्हाळ्यात एकदा त्याच्यावर वणवा लागला, तेव्हा तिनं बघता बघता दोनदा दूध उतू घालवलं होतं.

"आपण रोज त्याच्याकडे बघतो," ती एकदा म्हणाली होती. "एकदा तिथं वर जाऊन आपल्या खिडकीकडे बघायला हवं."

"जाऊ की. रविवारी," तिचा नवरा विद्याधर म्हणाला होता.

हे बोलणं झालं तेव्हा त्यांची गंधाली दुसरीत होती. आता ती बंगळुरूला नोकरी करते आणि स्वतःच्या भाड्याच्या घराच्या सोसायटीबद्दल फोनवर तक्रारी करते.

यात विद्याधरची चूक नव्हती असं नाही, पण त्याला कारण होतं. तो सोसायटीचा सेक्रेटरी होता. सेक्रेटरीला रविवार नसतो. लोकांना आठवडाभर सुचलेली सगळी गाऱ्हाणी रविवारीच पिकतात. शिवाय विद्याधर नुसता सेक्रेटरी नव्हता, तो नियमाचा माणूस होता. शुभदा सोसायटीत ठरावाशिवाय कुंडीसुद्धा हलत नसे. प्रत्येक ठरावाला सूचक लागे, अनुमोदक लागे आणि विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवला जाई. विरोध एकाच नावाचा असे. चौथ्या मजल्यावरचे धोंडू परब, म्हणजे धोंडूकाका, यांनी सोसायटीच्या स्थापनेपासून एकाही ठरावाला अनुमोदन दिलेलं नव्हतं. झेंडावंदनाच्या ठरावालाही त्यांचा विरोध होता. झेंड्याला नाही, वेळेला.

तरी धोंडूकाकांवाचून सोसायटीचं चालत नसे, कारण पाणी. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं यंत्र बाजारात मिळतं. ते बसवण्याचा विषय किती तरी सर्वसाधारण सभांत आला आणि तीन कोटेशनं नाहीत म्हणून दरवेळी पुढे ढकलला गेला. तोवर काम धोंडूकाकांवर चाललं होतं. गच्चीवरची टाकी वाहू लागली की पहिले थेंब त्यांच्या मागच्या गॅलरीत पडत. काका तिथून ओरडत, "पाणी भरला रे, बंद कर!" आणि पुढच्या गेटवर बसलेला वॉचमन उठून पंप बंद करी. काकांचं आयुष्य परळच्या गिरणीत साच्यांच्या खडखडाटात गेलेलं. त्यांची कुजबुजही चार घरांत ऐकू जायची, मग ओरडण्याचं काय सांगावं! दुपारी त्यांची आरोळी ऐकली की तळमजल्यावरची माणसं भाताचा कुकर लावत. व्यवस्था अगदी चोख होती.

गेल्या दिवाळीनंतर मागच्या बंद कारखान्याच्या जागेवर टॉवर उभा राहू लागला. आधी नुसता खड्डा होता, त्याचा त्रास फक्त कानांना झाला. मग स्लॅब पडायला लागले आणि डोंगर खालून नाहीसा होऊ लागला. पाय गेले, गुडघे गेले. यंदाच्या नोव्हेंबरात एका सकाळी वसुधा खिडकीशी उभी राहून म्हणाली, "अहो, टॉवर कमरेच्या वर गेला. अजून दोन महिन्यांनी डोंगर दिसायचा नाही. आणि डोंगर दिसला नाही म्हणजे तिथून आपली खिडकीही दिसायची नाही. या रविवारी आपण दोघं जाऊ या."

वसुधा फारसं काही मागत नसे, आणि मागितलं की परत सांगत नसे. हे विद्याधरला ठाऊक होतं. "नक्की," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

शनिवारी रात्री गुपचूप डबा भरून रविवारी उजाडता उजाडता दोघं निघाली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण सेक्रेटरीनं रविवारी गाव सोडायचं तर चेअरमनना कळवावं असा एक नियम होता, आणि तो विद्याधरनंच केलेला होता.

चेअरमन किरणभाई गाला यांचं सुक्या मेव्याचं दुकान होतं आणि मन त्याहून मोठं होतं. "एकटे एकटे चालले, टिपणीससाहेब?" ते गेटवरच म्हणाले. "अरे, आख्खी सोसायटी जाऊ या ने! नाश्ता माझ्याकडून."

विद्याधरनं "तसं नाही, आम्ही दोघंच..." एवढं म्हणेपर्यंत किरणभाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर डोंगराचा, अंगठ्याचा आणि ताटाचा असे तीन इमोजी टाकले होते. संध्याकाळपर्यंत अर्धी सोसायटी यायला तयार झाली. नवरा-बायकोच्या फिरण्याचा सोसायटीचा कार्यक्रम झाला, आणि सोसायटीचा कार्यक्रम म्हटल्यावर सभा आली.

सभेत सल्ल्यांना ऊत आला. ज्यांनी आयुष्यात फलाटाच्या जिन्यापलीकडे काही चढलं नव्हतं, त्यांचे सल्ले सगळ्यात ठाम होते. बूट एक नंबर मोठे घ्यावेत, कारण चढताना पाय फुगतात. एक नंबर लहान घ्यावेत, कारण उतरताना पाय पुढे सरकतो. केळी न्यावीत. केळी नेऊ नयेत, माकडं येतात. एकाचा साडू दहा वर्षांपूर्वी कुठल्याशा डोंगरावर गेला होता, त्याला मधमाश्या चावल्या होत्या आणि तेव्हापासून त्याची साखर वाढली होती. दुसऱ्या मजल्यावरची रश्मी सॉफ्टवेअरमध्ये होती आणि तिच्या फोनमध्ये प्रत्येक गोष्टीचं ॲप होतं. "काका, चिल, मी रूट डाउनलोड करते," ती म्हणाली, त्यामुळे वाटेची चिंता मिटली.

उरला बिबट्या. त्याच्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. बिबट्या आवाजाला घाबरतो असं कुणीतरी वाचलं होतं, म्हणून प्रत्येकानं स्टीलची एक थाळी आणि चमचा बरोबर ठेवावा, आणि बिबट्या दिसल्यास सर्वांनी एकत्र उभं राहून थाळ्या वाजवाव्यात असं ठरलं.

"आणि बिबट्याक ह्यो ठराव कोण वाचून दाखवतलो?" धोंडूकाकांनी मागच्या खुर्चीवरून विचारलं.

विद्याधरनं त्यांचा विरोध नोंदवला.

पहिल्या रविवारी कुणाच्या मुलीची परीक्षा निघाली. दुसऱ्या रविवारी क्रिकेटचा सामना होता. तिसऱ्या रविवारी किरणभाईंकडे पूजा होती, आणि नाश्ता त्यांच्याकडचा असल्यामुळे त्यांच्यावाचून जाणं कुणाला पटलं नाही. प्रत्येक तारीख बहुमतानं पुढे गेली. बहुमतापुढे सेक्रेटरी काय करणार? टॉवरवाल्यांना मात्र सभा नव्हती. त्यांचे स्लॅब पडत होते. एका सकाळी वसुधानं नुसतं, "छातीपर्यंत आलाय," एवढंच सांगितलं आणि चहाचा कप त्याच्यापुढे जरा जोरात ठेवला.

मग परवानगीचं निघालं. डोंगरावर जायला परवानगी लागते की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि जिथं माहीत नसतं तिथं अर्ज करावा हा विद्याधरचा बाणा होता. त्यानं ऑफिसातून अर्धी रजा टाकून एक कार्यालय गाठलं. तिथल्या बाईंनी अर्ज वाचून विचारलं, "नाव काय डोंगराचं?"

इतकी वर्षं ज्याच्यासमोर चहा प्यायला त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही हे विद्याधरच्या प्रथमच ध्यानात आलं. त्यानं अर्जात लिहिलेलं बोटानं दाखवलं, "अर्जदाराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा डोंगर."

"अहो, तो तुमच्या स्वयंपाकघरातून. आमच्या नकाशात कुठून बघायचा?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याला दुसऱ्या कार्यालयात पाठवलं.

दुसऱ्या कार्यालयातले साहेब सज्जन होते. त्यांनी नकाशा पसरला, चष्मा वर केला आणि सांगितलं, "डोंगर आमच्याकडे येत नाही. पायथा येतो. पायथ्याचं पत्र देतो."

"पायथ्यावर जायला परवानगी लागते?"

"लागत नाही. पण तुम्ही मागितलीच आहे, तर द्यावी लागेल."

अशा रीतीनं सोसायटीला पायथ्यापर्यंत जाण्याची लेखी परवानगी मिळाली. विद्याधरनं त्या पत्राला प्लॅस्टिकचं वेष्टण घातलं.

अखेर डिसेंबरातला एक रविवार ठरावाला सापडला. आदल्या रात्री वसुधानं कपाटातली केशरी चादर काढली आणि सकाळी निघताना स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांना बाहेरून घट्ट बांधली. "लांबून ओळखू यावी म्हणून," ती म्हणाली. त्या सकाळी तिनं दोन वेण्या घातलेल्या नव्हत्या इतकंच. बाकी ती शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखीच दिसत होती. तिच्याकडे बघून विद्याधरला उगीचच वाईट वाटलं.

खाली गेटवर जमायची वेळ सहाची होती, त्यामुळे आठपर्यंत बहुतेक जण जमले. विद्याधरनं गळ्यात शिट्टी अडकवली होती. नेता म्हणून त्याला ती आवश्यक वाटत होती. त्यानं पहिली शिट्टी वाजवली तेव्हा एकही सभासद हलला नाही, मात्र गल्लीतली दोन कुत्री येऊन त्याच्यापुढे बसली. सोसायटीचा फलकही घ्यायचं ठरलं होतं. कपाटात एकच निघाला, संक्रांतीचा. त्यामुळे 'हळदीकुंकू समारंभ – सर्व भगिनींचे स्वागत' असं लिहिलेल्या फलकाखाली सगळे निघाले. एवढ्यात कॅनव्हासचे बूट घालून, छत्रीची काठी करून धोंडूकाका जिन्यातून उतरले.

"काका, तुम्ही? वयाचा विचार करा जरा."

"सेक्रेटरीनू, चार माळे मी दिसाक तीनदा चढतंय, ता पण पिशयो घेवन. तुमच्या डोंगराक लिफ्ट नाय, आमच्या बिल्डिंगीक तरी खंय आसा?"

काकाही निघाले. वॉचमननं कानातली वायर न काढताच सगळ्यांना हात केला.

रिक्षांनी पायथा गाठला. तिथल्या चौकीवर एक रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. विद्याधरनं वेष्टणातलं पत्र अदबीनं पुढे केलं. त्यानं ते हातातही घेतलं नाही. "जा की," तो म्हणाला. "पण वर कशाला चाललाय? वर काय नाय."

अर्ध्या तासात सोसायटीची लांबलचक रांग झाली आणि पुढचे मागच्यांना दिसेनासे झाले. तेवढ्यात वाटेला दोन फाटे फुटले. डावीकडची वाट रुंद होती, सावलीतली होती आणि चढही बेताचा होता. उजवीकडची अरुंद, दगडांची आणि थेट वर जाणारी. रश्मीनं फोन काढला. फोनच्या म्हणण्याप्रमाणे सगळे जण एका तलावाच्या मधोमध उभे होते.

"आता काय करायचं?" किरणभाईंनी विचारलं.

दुसऱ्या कुठल्या मंडळींनी वाटाड्या शोधला असता, नाहीतर एक माणूस पुढे पाठवून पाहिलं असतं. शुभदा सोसायटीनं गणसंख्या मोजली. ती भरत होती. विद्याधरनं दगडावर बसून वही काढली आणि विषय मांडला.

"उजवीकडची," वसुधा हळूच म्हणाली. "पावसाळ्यात खिडकीतून मी बघते ना, ती वाट पांढऱ्या रेघेसारखी दिसते. उजवीकडून सरळ वर जाते."

सगळ्यांनी विद्याधरकडे पाहिलं. विद्याधरच्या मनात चलबिचल झाली. परंतु एक घर, एक मत, आणि ते प्रथम नाव असलेल्या सभासदाचं, हा निकाल त्यानंच दोन वर्षांपूर्वी एका भांडणात दिला होता. टिपणिसांच्या घरावर पहिलं नाव त्याचं होतं, आणि सभेचं कामकाज चालवणाऱ्यानं तटस्थ राहावं हेही त्यानंच ठरवलं होतं. "वसुधा, तुझं मत... तांत्रिकदृष्ट्या..." तो चाचरला.

"राहू दे," वसुधा म्हणाली.

डावी वाट प्रचंड बहुमतानं मंजूर झाली. धोंडूकाकांचा विरोध नोंदवला गेला.

डावी वाट बहुमताइतकीच ऐसपैस होती आणि तशीच कुठंही न नेणारी. ती डोंगराला वळसा घालत, दोनदा खाली उतरत, भर दुपारी एका बुटक्या टेपावर येऊन संपली. टेप म्हणजे डोंगराचा गुडघा म्हणावा तेवढाच. माथा अजून डोक्यावर होता आणि तिथं जायला टेपाच्या कडेनं एक उभी घसरडी चढण होती. तिच्याकडे बघून सगळ्यांच्या पोटात एकदम भूक जागी झाली. किरणभाईंनी ठेपल्यांचे डबे उघडले, छुंद्याचा वास सुटला आणि मंडळी बसली ती बसलीच.

"मी काय म्हणतो," कुणीतरी तोंडात घास ठेवून म्हणालं, "याहून वर काय वेगळं असणार? हाच माथा समजायला काय हरकत आहे?"

"करेक्ट. फोटोत कुठं कळतं यार," रश्मी म्हणाली. तिच्या टाचेला फोड आला होता.

सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले. 'सभा ज्या ठिकाणी बसली आहे ते ठिकाण हाच डोंगराचा माथा समजण्यात यावा' असा ठराव मंजूर झाला. विद्याधरनं तो स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिला.

"ह्यो माथो न्हय," धोंडूकाका म्हणाले. त्यांनी छत्रीनं वर दाखवलं. "माथो थंय आसा. तुमी ठराव करून तेका खाली हाडतल्यात काय?"

"विरोध नोंदवला, काका."

या सगळ्यात वसुधा टेपाच्या कडेला जाऊन उभी राहिली होती. विद्याधर तिच्यामागे गेला. समोर टॉवर होता. हिरवी जाळी पांघरलेला, क्रेन डोक्यावर घेतलेला, बरोबर मधोमध. त्याच्या मागे कुठंतरी शुभदा सोसायटी होती, पण या उंचीवरून तिची गच्चीसुद्धा दिसत नव्हती. वसुधानं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं, पायाच्या टाचाही उंच केल्या. मग ती वळली.

"असू दे," ती म्हणाली. "आले डोंगरावर. चला, ठेपले वाढायचे आहेत."

तिचं हे 'असू दे' विद्याधर तीस वर्षं ऐकत आला होता. बंगळुरूची नोकरी घेऊन गंधाली निघाली तेव्हा त्यानं ते ऐकलं होतं. प्रत्येक रविवारी ऐकलं होतं. आज प्रथमच त्याला ते सोसवेना. हातात ठेपला घेऊन तो उभाच राहिला.

"मी माथ्यावर जातोय," तो म्हणाला. "आम्ही दोघं."

"पण माथा तर हा आहे ने?" किरणभाई गोंधळले. "ठराव पास झाला. तुम्हीच लिहिला."

"माझा विरोध नोंदवा," विद्याधर म्हणाला, आणि वही किरणभाईंच्या मांडीवर ठेवली.

किरणभाईंनी ठेपल्यांचा डबा बंद केला. वसुधानं हातातली थाळी खाली ठेवली आणि ओढणी कमरेला बांधली.

शौर्याचा हा आवेश पहिल्या वळणापर्यंत टिकला. मग विद्याधरच्या उजव्या बुटाचा तळ सुटला आणि मगरीच्या जबड्यासारखा उघडझाप करू लागला. एक नंबर मोठे आणि एक नंबर लहान या वादात त्यानं कपाटातले जुनेच बूट घातले होते. गळ्यातली शिट्टी काढून त्यानं तिच्या दोरीनं बूट बांधला. त्या दिवसातला शिट्टीचा तो एकमेव उपयोग. नंतर तो दोनदा घसरला, एकदा करवंदीच्या जाळीत बसला, आणि वसुधानं हात देऊन त्याला ओढून काढलं. ती भराभर चढत होती. मागून ठक ठक आवाज आला म्हणून त्यानं वळून पाहिलं, तर छत्री टेकत धोंडूकाका येत होते.

"मी काय तुमच्यासाठी नाय येत," ते म्हणाले. "माथो खंय तो बघूक येतंय."

माथ्यावर रखवालदारानं सांगितल्याप्रमाणे खरोखरच काही नव्हतं. सुकलेलं गवत, एक काळा दगड आणि वारा. पण पूर्वेला सगळं उपनगर उघडं पडलं होतं. इथून टॉवर ठेंगणा होता, त्याच्या डोक्यावरून पलीकडचं दिसत होतं. वसुधा काळ्या दगडावर चढली आणि केशरी चादर शोधू लागली.

मुंबईत खिडक्या किती आहेत याचा अंदाज तिला नव्हता. टॉवरच्या मागे चार-चार मजल्यांच्या, पिवळट, पावसानं काळवंडलेल्या इमारती खेटून उभ्या होत्या, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. गच्चीगच्चीवर निळी प्लॅस्टिकं, खिडकीखिडकीत रविवारचे धुतलेले कपडे. केशरी ठिपका एक नव्हता, पाच-पंचवीस होते. वसुधानं कपाळावर हात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. "ती का हो? नाही, ती नसेल. तिच्या मागची?" विद्याधर प्रत्येक वेळी "हो, तीच" म्हणाला, आणि तिनं ओळखलं की यालाही दिसत नाहीये. तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. डोळेही पुसले.

"ता काय चमकता थंय?" धोंडूकाका म्हणाले.

दोघांनी बघितलं. इमारतींच्या त्या गर्दीत एका भिंतीवरून काहीतरी लखलखत खाली येत होतं. गच्चीपासून तळापर्यंत चांदीची सरी सोडल्यासारखं. दुपारचं ऊन नेमकं त्याच्यावर पडलं होतं.

धोंडूकाकांनी डोळे बारीक केले, छाती भरून घेतली आणि गॅलरीत उभे असल्यासारखे ओरडले, "पाणी भरला रे, बंद कर!"

झाडीतून पाखरांचा थवा उडाला. खाली टेपावर बसलेल्या शुभदा सोसायटीनं बिबट्याच्या ठरावाची तात्काळ अंमलबजावणी केली आणि थाळ्यांचा एकच दणदणाट सुरू झाला. काका स्वतःच दचकले. त्यांनी छत्रीवर दोन्ही हात टेकले आणि हळूच म्हणाले, "मायझया, मी तर हंय आसंय."

विद्याधरच्या डोक्यात प्रकाश पडला. दुपारचा पंप वॉचमननं लावला होता आणि आता तो काकांच्या आरोळीची वाट बघत पुढच्या गेटवर बसला होता. पाणी मागच्या अंगाला पडत होतं. सोसायटीची ही सगळी व्यवस्था सेक्रेटरीनं स्वतः रिक्षात बसवून डोंगरावर आणली होती. 'पाणी वाया घालवणे हा सामाजिक गुन्हा आहे' हा नोटीस बोर्डावरचा कागद त्याच्या सहीचा होता. त्यानं घाईघाईनं फोन काढला. रेंज उत्तम होती.

"थांबा," वसुधा म्हणाली.

"अगं, पाणी चाललंय! खालची टाकी रिकामी होईल!"

"अहो, ते पाणी पडतंय ना, ती आपली बिल्डिंग. काकांच्या गॅलरीवरून खाली. म्हणजे त्याच्या लगेच डावीकडे, तिसऱ्या मजल्यावर..." तिचा आवाज बारीक झाला. "दिसली. केशरी आहे बघा. दिसली मला."

विद्याधरनं तिच्या बोटाच्या रेषेत पाहिलं. पाण्याच्या त्या झगमगत्या पट्ट्याला लागून एक इवलासा केशरी चौकोन होता.

"पंप बंद केलात की परत सापडायची नाही," वसुधा म्हणाली. "जरा थांबा. एवढं बघू दे मला."

समोर सोसायटीचं पाणी वाहत होतं, खाली सोसायटी थाळ्या बडवत होती आणि हातात वॉचमनचा नंबर तयार होता. विद्याधरनं एकदा पाण्याकडे पाहिलं आणि एकदा तिच्याकडे. मग फोन खिशात ठेवला आणि तिच्याशेजारी दगडावर बसला. त्याला अतोनात अपराधी वाटत होतं आणि अतोनात बरं वाटत होतं.

वसुधा बघत राहिली. इतकी वर्षं त्या चौकोनात उभं राहून तिनं ज्या जागेकडे पाहिलं होतं तिथं ती आता होती, आणि तो चौकोन तिकडे एकटाच होता. तिनं हात वर केला, कुणी ओळखीचं दिसल्यावर करतात तसा जरासा हलवला, आणि काका बघतायत हे लक्षात येऊन खाली घेतला. काका तिच्याकडे बघतच नव्हते. ते पाठ करून गवताकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "करा आता फोन."

त्या संध्याकाळी शुभदा सोसायटीत कुणाच्याही नळाला थेंब आला नाही. घामानं चिकचिकलेले सभासद टँकरची वाट बघत जिन्यात बसले आणि तिथंच विशेष सभेची मागणी पुढे आली.

सभा पुढच्या रविवारी भरली. तोवर खिडकीत डोंगराचा नुसता शेंडा उरला होता आणि तोही क्रेनच्या आड येत होता. वसुधानं चहा घ्यायची जागा बदलली नव्हती. सभेत पंप आपोआप बंद करणाऱ्या यंत्राचा विषय पुन्हा आला आणि एकच कोटेशन असल्यामुळे पुन्हा पुढे गेला. मग किरणभाईंनी घसा साफ केला.

"टिपणीससाहेब, वाईट मानू नका. पण रेकॉर्डसाठी विचारायला लागतं. पाणी दिसल्यावर तुम्ही फोन किती वेळानं केला?"

सगळी सभा विद्याधरकडे बघू लागली. बायकांच्या रांगेत वसुधा मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. सर्वसाधारण सभेपुढे विद्याधर आजवर एक अक्षर खोटं बोललेला नव्हता.

"ताबडतोब," तो म्हणाला.

"ठीक. सेक्रेटरींचं निवेदन मान्य करायचं तर अनुमोदक पाहिजे. कोण?"

एकही हात वर गेला नाही. टँकरची संध्याकाळ अजून सगळ्यांच्या अंगात होती. मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि छत्रीवर भार देत धोंडूकाका उभे राहिले. माथ्यावर तिसरा माणूस तेच होते. सवयीनं विद्याधरचं पेन आधीच 'श्री. धोंडू परब यांचा विरोध' लिहायला लागलं होतं.

"माझा अनुमोदन," धोंडूकाका म्हणाले आणि खाली बसले.

विद्याधरनं 'विरोध' हा शब्द खोडला. शुभदा सोसायटीच्या इतिवृत्तातली ती त्याच्या हातची पहिली खाडाखोड होती, आणि तिच्याखाली त्यानं सही केली.